उत्क्रांतीय संगणन : कानपूरने काय केले आणि आपण काय करत आहोत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विद्यापीठांतील संशोधन किती वाढले हे सांगायची वेळ आली की आपल्याकडे शोधनिबंधांची संख्या पुढे केली जाते आणि वर्तमानपत्रांतही बहुधा तेच आकडे छापून येतात. ज्या मोजक्या विषयांत भारताचे नाव जगभर खरोखर घेतले जाते, त्यांपैकी एका विषयाची वाढ मी जवळून पाहिली आहे आणि तिचा इतिहास डोळ्यांपुढे आणला की ही मोजणी किती तोकडी आहे हे कळते. तो विषय म्हणजे उत्क्रांतीय संगणन. कोल्हापूर परिसरात यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि त्यांतली वीसहून अधिक वर्षे या विषयाच्या सहवासात गेली. सर्वसामान्य वाचकांना विषय अपरिचित असल्यामुळे थोडी अधिक जागा लागेल; ती द्यावी, अशी विनंती आहे.

जुने शेतकरी उभ्या पिकातून फिरून जोमदार कणसे हेरत, ती बियाण्यासाठी बाजूला बांधून ठेवत आणि पुढच्या वर्षी तीच पेरत. वर्षानुवर्षे हे चालले की वाण सुधारत जाई. उत्क्रांतीय संगणनाचे मूळ याहून वेगळे नाही. एखाद्या पुलाची, गिअरबॉक्सची किंवा वेळापत्रकाची उत्तम रचना शोधायची असेल, तर संगणकात आधी शंभरेक रचना आंधळेपणाने तयार करतात. प्रत्येक रचना कितपत उपयोगी आहे हे गणिताने तपासले जाते, बऱ्या असतील त्या निवडल्या जातात, दोन-दोन रचनांचे गुण एकत्र करून नव्या रचना जन्माला घातल्या जातात आणि मधूनच एखाद्या आकड्यात किरकोळ बदल केला जातो. निवड, संकर आणि उत्परिवर्तन यांचे हे चक्र शेकडो पिढ्या फिरले की ज्या प्रश्नांपुढे नेहमीचे कलनशास्त्र हात टेकते, तिथेही कामाचे उत्तर हाती येते. बर्लिनमध्ये रेशेनबर्ग आणि श्वेफेल यांनी १९६० च्या दशकात हा मार्ग एका बाजूने धरला, तर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या जॉन हॉलंड यांनी १९७५ मध्ये त्याला जेनेटिक अल्गोरिदमचे सिद्धान्तरूप दिले. हॉलंड यांचे विद्यार्थी डेव्हिड गोल्डबर्ग हे मूळचे स्थापत्य अभियंते. त्यांनी १९८३ च्या प्रबंधात वायुवाहिनीच्या नियंत्रणासाठी ही पद्धत वापरली आणि ती अभियंत्यांच्या हातात दिली.

भारतातली गोष्ट इथून सुरू होते. त्रिपुरात जन्मलेले आणि आयआयटी खरगपूरमधून १९८५ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेले कल्याणमय देब यांनी अलाबामा विद्यापीठात गोल्डबर्ग यांच्याकडे १९९१ मध्ये पीएचडी पूर्ण केली आणि १९९३ मध्ये ते आयआयटी कानपूरला शिकवायला आले. त्या काळी परदेशात पीएचडी करून परत येणारे थोडे होते, आणि आलेल्यांपैकीही बरेच जण तिकडच्या प्रश्नांवरच इकडे बसून काम करत राहत. देब यांनी तसे केले नाही. एक बाजू सुधारावी तर दुसरी बिघडते, असे ज्या प्रश्नांत होते ते बहुउद्दिष्ट प्रश्न त्यांनी आपले मुख्य क्षेत्र म्हणून निवडले. पूल हलका हवा आणि मजबूतही हवा. गाडी वेगवान हवी आणि तिला इंधनही कमी लागायला हवे. अशा प्रश्नाला एकच उत्तर नसते. त्याला उत्तरांची एक रांग असते, आणि त्या रांगेतले कोणतेही उत्तर दुसऱ्या एखाद्या उत्तरापेक्षा सगळ्याच बाबतींत सरस नसते. या रांगेला पॅरेटो फ्रंट म्हणतात. जेनेटिक अल्गोरिदम मुळातच एका वेळी शंभर रचना सांभाळत असल्यामुळे संपूर्ण रांग एकाच दमात शोधायला तो फार सोयीचा पडतो.

एन. श्रीनिवास आणि देब यांनी १९९४ मध्ये कानपूरहून एनएसजीए नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात तीन उणिवा होत्या. रचनांची प्रतवारी लावायला फार वेळ लागे. चांगली सापडलेली रचना पुढच्या पिढीत हरवून जाण्याची शक्यता असे. आणि उत्तरे एकमेकांवर गर्दी करू नयेत म्हणून वापरणाऱ्याने एक आकडा स्वतःच्या अंदाजाने ठरवून द्यावा लागे. त्यावर टीका झाली. देब यांच्या कानपूरच्या प्रयोगशाळेबद्दल माझ्या मनात जो आदर आहे त्याचे पहिले कारण असे, की टीकेची उत्तरे देत बसण्याऐवजी तिथल्या मंडळींनी आपलीच पद्धत मोडून पुन्हा बांधली. देब यांनी अमृत प्रताप, समीर अग्रवाल आणि टी. मेयारिवन या तरुण सहलेखकांसह एनएसजीए-टू ही पद्धत २००० मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडली आणि एप्रिल २००२ मध्ये ती आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या उत्क्रांतीय संगणनाच्या नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध झाली.

तिच्यातली युक्ती सोप्या शब्दांत सांगता येते. समजा शंभर आईबाप आहेत आणि त्यांची शंभर मुले झाली. दोनशे जणांना एकाच मैदानात उभे करायचे आणि त्यांतले उत्तम शंभर ठेवायचे, म्हणजे चांगला बाप मुलापायी गमावला जात नाही. दोघे तुल्यबळ असतील तर ज्याच्या दोन्ही बाजूंना जास्त मोकळी जागा आहे त्याला ठेवायचे, म्हणजे उत्तरे एका जागी न साचता रांगभर पसरतात आणि तो अंदाजाचा आकडा विचारावा लागत नाही. प्रतवारीची रीतही बदलली. दोन उद्दिष्टे आणि शंभरांचा समूह धरला, तर सर्वांत वाईट परिस्थितीत तुलनांची संख्या वीस लाखांच्या घरातून वीस हजारांच्या घरात आली. ज्या कॉलेजात एका खोलीत सहा जुने संगणक होते त्या कॉलेजाला याचा अर्थ काय वाटला असेल, हे आजच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. आज या एका निबंधाचे संदर्भ हजारोंनी मोजले जातात आणि मॅटलॅबसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बहुउद्दिष्ट जेनेटिक अल्गोरिदम म्हणून जे मिळते ते याच पद्धतीचे एक रूप आहे. भटनागर पुरस्कार २००५ मध्ये आणि इन्फोसिस पुरस्कार २०११ मध्ये देब यांना मिळाला. पुरस्कारांची यादी मोठी आहे, ती इथे देत नाही.

मला बोलायचे आहे ते या पद्धतीच्या प्रसाराविषयी. कानपूरच्या जेनेटिक अल्गोरिदम प्रयोगशाळेने, जिला सगळे 'कॅनगॅल' म्हणतात, आपले तांत्रिक अहवाल आणि सी भाषेतला मूळ प्रोग्राम संकेतस्थळावर कोणालाही फुकट घेता येईल असा ठेवला. २००३ मध्ये आमच्या कॉलेजात डायल-अपवरून मी तो उतरवून घेतला आणि फ्लॉपीवर भरून विभागात आणला. चालवल्यावर तो समूह किती, पिढ्या किती, संकराचे प्रमाण किती, यादृच्छिक संख्यांचे बीज (म्हणजे त्या जिथून सुरू होतात तो आकडा) कोणते, असे एकेक विचारत जाई. बीज तेच दिले की उत्तरही तंतोतंत तेच येई. निबंधात छापलेला आलेख कोल्हापुरातल्या एका साध्या कॉलेजातल्या पडद्यावर ठिपक्या-ठिपक्याने उमटताना मी पाहिला आणि विज्ञानात 'करून पाहा' याचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला.

त्याच वर्षी एका विद्यार्थ्याने फाउंड्रीचा प्रश्न प्रकल्पासाठी घेतला. कोल्हापूर हे फाउंड्रीचे गाव. इथल्या वाचकांना राइझर म्हणजे काय हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेला भाग, थिजताना आकसतो आणि आत पोकळी राहू नये म्हणून त्याला वरून वितळलेले लोखंड पुरवणारा जो जादा गोळा ठेवतात तो राइझर. राइझर मोठा केला तर कास्टिंग निर्दोष निघते, पण ओतलेल्या लोखंडातले बरेचसे नंतर कापून पुन्हा भट्टीत टाकावे लागते आणि यील्ड, म्हणजे ओतलेल्या लोखंडातला कामी येणारा वाटा, घटते. लहान केला तर लोखंड वाचते, पण पोकळीची भीती वाढते. राइझरचा व्यास, उंची आणि मानेची जाडी ही बदलती मापे धरून त्या मुलाने एनएसजीए-टू चालवली आणि शंभर उत्तरांचा आलेख छापून आम्ही फाउंड्रीत घेऊन गेलो. मालकांचे शिक्षण आयटीआयपर्यंतचे. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला, जिथे वक्र रेषा एकदम वळते तिथे बोट ठेवले आणि म्हणाले, "सर, हितनं पुढं नुसतं लोखंड वाढतंय, फायदा काय न्हाई." त्या जागेला संशोधनात 'गुडघा' म्हणतात आणि ती शोधण्यासाठी स्वतंत्र निबंध लिहिले गेले आहेत. एकच उत्तर छापून नेले असते तर त्यांनी ते मान्य तरी केले असते किंवा टाकून दिले असते. रांग समोर ठेवल्यामुळे त्यांचा तीस वर्षांचा अनुभव निर्णयात उतरला.

कानपूरने आणखी एक काम केले, जे बाहेर फारसे कोणाला माहीत नाही आणि माझ्या मते ते पद्धत शोधण्याइतकेच मोलाचे आहे. त्यांनी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका तयार केल्या. झुरिकचे एकार्ट झिट्झलर आणि लोथार थिले यांच्यासह देब यांनी २००० मध्ये सहा चाचणी-प्रश्नांचा संच दिला आणि त्यानंतर दोनपेक्षा जास्त उद्दिष्टांसाठी दुसरा संच दिला. कोणत्याही नव्या पद्धतीने या प्रश्नांवर स्वतःला सिद्ध करावे, हा जगभरचा रिवाज झाला. पुढे २००५ मध्ये सिंगापूरचे पी. एन. सुगंथन यांच्या पुढाकाराने २५ फलनांचा, म्हणजे गणिती सूत्रांच्या रूपातल्या चाचणी-प्रश्नांचा, जो संच तयार झाला, त्याच्या कर्त्यांतही देब आहेत आणि त्याचा अहवाल सिंगापूरबरोबर कानपूरहूनही निघाला. त्या संचातली एक बाब लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम आहे: उत्तम उत्तर नेमके शून्यावर येऊ नये म्हणून फलने मुद्दाम बाजूला सरकवलेली होती.

या वाढीला इतर अनेक शहरांनी हातभार लावला. कानपूरलाच रासायनिक अभियांत्रिकीत संतोष गुप्ता यांनी राहुल कासट यांच्यासह २००३ मध्ये एनएसजीएत 'उड्या मारणाऱ्या जनुकां'ची कल्पना आणली, जी मुळात बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्याच्या दाण्यांत सापडली होती, आणि तेलशुद्धीकरणातल्या क्रॅकिंग युनिटवर ती वापरून दाखवली. खरगपूरचे निरुपम चक्रवर्ती धातुशास्त्रात हा विषय घेऊन गेले. रुरकीत कुसुम दीप आणि मनोज ठाकूर यांनी २००७ मध्ये संकराची नवी रीत दिली. कोलकात्याचे स्थान मात्र वेगळे आहे. महालनोबिसांनी १९३१ मध्ये उभारलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शंकर पाल यांच्या भोवती जमलेल्या मंडळींनी जेनेटिक अल्गोरिदम आकृतिबंध ओळखण्याच्या कामाला जुंपला. त्याच परंपरेतल्या संघमित्रा बंद्योपाध्याय पुढे संस्थेच्या संचालक झाल्या. २००८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक नवी बहुउद्दिष्ट पद्धत मांडली, तेव्हा तिच्या लेखकांत कानपूरचे देबही होते. दोन शहरांतले दोन गट स्पर्धक असूनही एका निबंधावर सही करतात, ही मला निरोगी वाढीची खूण वाटते. जादवपूर विद्यापीठात अमित कोनार यांच्या हाताखाली तयार झालेले स्वागतम दास यांनी सुगंथन यांच्यासह २०११ मध्ये लिहिलेला डिफरन्शिअल इव्होल्यूशन या उत्क्रांतीय संगणनातल्याच दुसऱ्या पद्धतीचा आढावा आजही विद्यार्थ्याच्या हातात पहिल्यांदा दिला जातो. २०१० च्या डिसेंबरात या विषयाच्या दोन आंतरराष्ट्रीय परिषदा भारतात भरल्या, एक कानपूरला आणि दुसरी चेन्नईला. दहा-पंधरा वर्षांत एका प्रयोगशाळेपासून इथवर मजल गेली होती.

महाराष्ट्र या गोष्टीत मागे नव्हता, हे मला आवर्जून सांगायचे आहे, कारण आपल्याच लोकांना ते ठाऊक नसते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) भास्कर कुलकर्णी, व्ही. के. जयरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मुंग्यांच्या वसाहतीवरून सुचलेली पद्धत रासायनिक बॅच प्लांटच्या रचनेसाठी आणि वेळापत्रकासाठी वापरली, तेव्हा मिलानच्या मार्को दोरिगो यांनी ती पद्धत मांडून जेमतेम आठ वर्षे झाली होती. २००४ मध्ये त्याच गटाने मुंग्यांच्या रीतीने विदेचे (डेटाचे) गट पाडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डी. नागेश कुमार आणि एम. जंगा रेड्डी यांनी २००६ मध्ये कर्नाटकातल्या भद्रा जलाशयाच्या पाण्यावर बहुउद्दिष्ट पद्धत चालवली आणि रेड्डी नंतर आयआयटी मुंबईत आले. आपल्या जायकवाडीच्या जलाशयावरही जेनेटिक अल्गोरिदम आणि डिफरन्शिअल इव्होल्यूशन वापरून निबंध प्रसिद्ध झाले आहेत. सिंचनाला किती पाणी द्यायचे आणि विजेसाठी किती राखायचे, हा प्रश्न मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पॅरेटो फ्रंट म्हणजे तोच प्रश्न आकड्यांत मांडलेला. पुण्यातच आनंद कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'कोहर्ट इंटेलिजन्स' ही पद्धत मांडली. गटातले सदस्य एकमेकांचे वागणे पाहून स्वतःला सुधारतात, ही तिची कल्पना.

आता जे मला सलते ते लिहितो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयात नव्या नावांचा पूर आला आहे. लांडगे, देवमासे, वटवाघळे, काजवे, पाण्याचे थेंब, अशा कशाच्याही वागणुकीवरून 'नवा' अल्गोरिदम निघतो आणि त्यावर निबंध होतो. यांतले सगळेच टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. सुरतेच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या आर. वेंकट राव यांनी २०११ मध्ये शिक्षक-विद्यार्थी यांच्या नात्यावरून जी पद्धत मांडली, तिच्यावर स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये आक्षेप घेतले आणि सुरतेहून त्यांना उत्तर गेले. वाद छापील होता, मुद्द्यांवर होता आणि दोन्ही बाजू कोणालाही वाचता येतात. राव यांची २०१६ मधली 'जया' ही पद्धत तर एका ओळीत मावते: जो सर्वांत चांगला आहे त्याच्याकडे सरका आणि जो सर्वांत वाईट आहे त्याच्यापासून दूर व्हा. वापरणाऱ्याने वेगळे आकडे ठरवून द्यावे लागत नाहीत, हा तिचा खरा गुण आहे आणि तो तपासून पाहता येतो. माझा आक्षेप आहे तो प्राण्याची गोष्ट काढून टाकली की आत जुनेच समीकरण उरते अशा पद्धतींना. अँटवर्पचे केनेथ सोरेनसन यांनी २०१५ मध्ये हेच सविस्तर दाखवून दिले. आणि त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी गणिताने सिद्ध केले होते की सर्व शक्य प्रश्नांवर सरासरी काढली तर कोणतीही एक शोधपद्धत दुसरीपेक्षा सरस नसते. 'आमचा अल्गोरिदम सर्वांत श्रेष्ठ' हे वाक्य ज्या निबंधात आहे, त्याच्या लेखकाने हे प्रमेय वाचलेले नाही असेच समजावे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात मी बाह्य परीक्षक म्हणून पीएचडीच्या तोंडी परीक्षेला गेलो होतो. उमेदवार कष्टाळू होता, सात निबंध छापून झालेले होते आणि एका शिकारी पक्ष्यावरून त्याने पद्धत बेतली होती. तेवीस चाचणी-फलनांपैकी बहुतेकांवर त्याचे उत्तर अचूक शून्य आले होते, दशांशानंतर कित्येक घरे शून्य. मी प्रोग्राम पाहायला मागितला, तेव्हा सभागृहात थोडी चुळबूळ झाली, कारण असे सहसा कोणी मागत नाही. मुलाने मात्र विनातक्रार लॅपटॉप उघडला. मी त्याला एवढेच सांगितले की फलनात प्रत्येक चलातून ७.३ वजा कर, म्हणजे उत्तर शून्यावरून ७.३ वर जाईल. बाकी काहीही बदलू नकोस. दहा मिनिटांत निकाल आला आणि त्याची पद्धत उत्तराच्या जवळपासही पोचली नाही. कारण त्याच्या सूत्रातच होते. दर फेरीला चल राशी एकापेक्षा लहान संख्येने गुणली जात होती, त्यामुळे काहीही न शोधता सगळा समूह शून्याकडे ओढला जात होता, आणि उत्तर शून्यावर असलेल्या प्रश्नांत हेच यश म्हणून दिसत होते. त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही. मुलाला मी दोष देत नाही. २००५ मध्ये कानपूर आणि सिंगापूरहून सरकवलेल्या फलनांचा संच निघाला होता, तो फुकट उपलब्ध होता, आणि त्याला चार वर्षांत तो कोणी दाखवला नव्हता. सात निबंधांच्या परीक्षकांपैकीही कोणी ते विचारले नव्हते.

याला व्यवस्थेचे एक कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी किमान एक निबंध आणि दोन परिषदांतली सादरीकरणे सक्तीची केली होती. २०२२ च्या नियमांत निबंधाची सक्ती राहिली नाही, पण सक्तीने लागलेली सवय गेलेली नाही, आणि महाविद्यालयांच्या मूल्यांकनात तर निबंधांची मोजणी अजून चालूच आहे. नव्या नावाचा अल्गोरिदम हा निबंध मिळवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. त्याला फाउंड्रीत जावे लागत नाही, जलाशयाची आकडेवारी मिळवण्यासाठी पाटबंधारे खात्याचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत.

ही केवळ पैशांची किंवा साधनांची बाब असती तर मी हे पत्र लिहिले नसते. मेक्सिकोसारख्या देशात कार्लोस कोएलो कोएलो यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बहुउद्दिष्ट उत्क्रांतीय संगणनाचा मोठा गट उभा केला आणि जगभरच्या निबंधांची सूची सर्वांसाठी खुली ठेवली. तिथेही साधनांची सुबत्ता नव्हती. कानपूर आणि मेक्सिको सिटी यांच्यात मला दिसणारे साम्य हे, की दोन्हीकडे एक माणूस एका प्रश्नाला धरून बराच काळ एका जागी राहिला, हाती आले ते इतरांना देऊन टाकले आणि स्वतःची तुलना कठीण प्रश्नांवर करून घेतली. देब २०१३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गेले, आणि एनएसजीए-थ्रीचा २०१४ मधला हिमांशू जैन यांच्यासहचा निबंध त्याच सुमारास आला. ते गेले याचे मला वाईट वाटते, पण वीस वर्षे त्यांनी इथे दिली आणि त्यांचे काम पाहून शिकलेले शेकडो शिक्षक देशभर आहेत, मी त्यांतलाच एक आहे. २०२० मध्ये त्यांच्या गटाने पायथन या संगणक-भाषेत जी लायब्ररी (तयार प्रोग्रामांचा संच) प्रसिद्ध केली ती आज आपला कोणताही विद्यार्थी एका ओळीच्या आज्ञेने संगणकात घेऊ शकतो. २००३ मध्ये मला फ्लॉपी लागली होती.

म्हणून राज्यातल्या विद्यापीठांच्या संशोधन मंडळांना माझी काही मागणी आहे. या विषयातल्या प्रत्येक प्रबंधासोबत चालणारा मूळ प्रोग्राम आणि वापरलेली बीजे ग्रंथालयात जमा करणे बंधनकारक करावे, म्हणजे दहा वर्षांनीही कोणाला तेच उत्तर काढून पाहता येईल. सरकवलेल्या आणि अक्ष फिरवलेल्या फलनांवर तपासल्याखेरीज कोणतीही नवी पद्धत प्रबंधात मान्य करू नये. जुन्या पद्धतीने राज्यातला एखादा खरा प्रश्न सोडवला असेल, मग तो उसाच्या तोडणी-वाहतुकीचा असो, एसटीच्या फेऱ्यांचा असो की धरणाच्या पाण्याचा, तर त्या कामाला नव्या नावाच्या अल्गोरिदमइतकेच श्रेय मिळावे. माझ्या मते अधिकच मिळावे. शिवाय जलसंपदा विभागाने जलाशयांची जुनी आवक-जावक आकडेवारी विद्यार्थ्यांना सहज मिळेल अशी व्यवस्था करावी, कारण आज त्यासाठी एका विद्यार्थ्याचे अख्खे सत्र जाते आणि बहुतेक जण त्याआधीच कंटाळून लांडग्यांकडे वळतात.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. विद्यापीठातून एखाद्या नव्या अल्गोरिदमची बातमी आली तर 'प्रोग्राम कुठे पाहता येईल' आणि 'कोणत्या चाचणी-संचावर तपासला' हे दोन प्रश्न आपल्या प्रतिनिधींनी विचारावेत. उत्तरे मिळाली तर तीही छापावीत, आणि मिळाली नाहीत तर तसेही लिहावे.

मी आता निवृत्त आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाने दहा संगणक आणि दोन दिवस दिले, तर या विषयाची प्राथमिक कार्यशाळा मी विनामूल्य घ्यायला तयार आहे. पहिल्या दिवशी आपण राइझरचा तो जुना प्रश्न सोडवू. त्याची मापे आणि मालकांचे बोट जिथे टेकले होते तिथे पेनाने खूण केलेला आलेख माझ्याकडे अजून आहे. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपला प्रश्न आणावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियांत्रिकी प्राध्यापक, कोल्हापूर